एक्स्टेन्शनमुळे साइट मोडली? नेमका कोणता नियम आडवा येतोय ते शोधायची पद्धत

जीएसटीचं रिटर्न भरून झालंय, आकडे जुळलेत, डिजिटल सहीचं टोकन संगणकाला लावलंय. सहीचं बटण दाबलं की गोल चक्र फिरत राहतं आणि शेवटी ‘साइनर सुरू करा’ असा निरोप येतो. साइनर तर चालूच असतो. किंवा खरेदीच्या शेवटी ओटीपीची चौकट यायला हवी तिथे नुसती पांढरी जागा दिसते.

अशा वेळी बहुतेक जण यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती आणि ट्रॅकर अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचं मोठं पॉवरचं बटण दाबतात, काम उरकतात आणि विसरतात. त्या साइटपुरतं ते बटण कायमचं बंद राहतं. ब्राउझर बंद करून उघडला तरी परत चालू होत नाही. म्हणजे जिथे पैशांचा आणि सहीचा व्यवहार होतो, नेमक्या त्याच साइटवर आपण बिनसंरक्षणाचे राहतो. खरं तर पान उघडताना ब्राउझर ज्या शेकडो रिक्वेस्ट (मागण्या) पाठवतो त्यांपैकी आडवी आलेली असते एखादीच. तेवढी शोधून तिलाच वाट द्यायची, बाकी सगळं बंद ठेवायचं. सवय झाली की याला दहा मिनिटं पुरतात.

इथल्या पायऱ्या मुख्यतः फायरफॉक्सवरच्या यूब्लॉक ओरिजिन आणि नोस्क्रिप्ट (साइटच्या स्क्रिप्ट अडवणारं एक्स्टेन्शन) यांच्यासाठी आहेत. क्रोमचं वेगळं आहे, ते पुढे येईल.

हाताशी काय हवं

- यूब्लॉकच्या सेटिंग्जमधून घेतलेली बॅकअप फाइल. नोस्क्रिप्टच्या पर्यायांतही एक्स्पोर्टचं बटण आहे. काहीही बदलण्याआधी दोन्ही फाइल काढून ठेवा.
- एक कोरी प्रोफाइल. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:प्रोफाइल्स’ इंग्रजीत टाइप केलं की ती बनवता येते.
- एफ12 दाबून उघडणारी डेव्हलपर टूल्स. त्यातले कन्सोल आणि नेटवर्क हे दोनच भाग लागतात.
- काय दाबल्यावर काय अडलं आणि किती वाजता, हे लिहायला कागद. यूब्लॉकच्या लॉगरमध्ये (रिक्वेस्टच्या नोंदवहीत) प्रत्येक ओळीला वेळ असते, म्हणून वेळ लिहिणं फार उपयोगी पडतं.

1. दोष एक्स्टेन्शनचाच आहे ना, ते आधी पक्कं करा

पुष्कळ जण प्रायव्हेट विंडो उघडतात, तिथे साइट चालली की एक्स्टेन्शनला दोष देऊन मोकळे होतात. प्रायव्हेट विंडोत एक्स्टेन्शनं सहसा बंद असतात हे खरं, पण तिथे जुन्या कुकीज आणि जुना साठाही (कॅश) नसतो. बिघडलेली कुकी हे कारण असलं तरी साइट तिथे चालेलच. म्हणून खरी चाचणी तुमच्या नेहमीच्याच खिडकीत करा. कंट्रोल धरून यूब्लॉकचं पॉवरचं बटण दाबा; असं केलं की ते फक्त त्या एका पानापुरतं बंद होतं. मग कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबून पान नव्याने उघडा. चाललं तर दोष यूब्लॉकचा. नाही चाललं तर बटण परत चालू करा आणि फायरफॉक्सच्या हेल्प मेनूतला ट्रबलशूट मोड वापरा, त्यात सगळीच एक्स्टेन्शनं बंद होतात.

कन्सोलमधल्या तांबड्या ओळींवरूनही बरंच कळतं:

- क्रोमवर ‘ईआरआर ब्लॉक्ड बाय क्लायंट’ दिसलं तर रिक्वेस्ट एक्स्टेन्शनने अडवली. फायरफॉक्सच्या नेटवर्क भागात तर अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचं नावच येतं.
- ‘नेम नॉट रिझॉल्व्ड’ आलं तर एक्स्टेन्शनला सोडा आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बघा. घरात पाय-होल असेल किंवा फोनवर, राउटरवर ॲडगार्ड डीएनएस, नेक्स्टडीएनएस असं काही लावलेलं असेल, तर नाव तिथेच गिळलं जातं.
- 403 किंवा 500 असा आकडा आला म्हणजे रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचली. एकच शंका उरते: यूब्लॉक तयार नियमांच्या याद्यांवरून अडवतो; त्यांतली पत्त्यातले पॅरामीटर छाटणारी यादी चालू असेल तर रिक्वेस्ट पोचते, पण अर्धवट.
- फायरफॉक्समध्ये ‘कोर्स रिक्वेस्ट डिड नॉट सक्सीड’ अशी ओळ फार फसवी असते. वाचणाऱ्याला वाटतं सर्व्हरची हेडर चुकली. पण एक्स्टेन्शनने अडवलेल्या रिक्वेस्टलाही हीच ओळ येऊ शकते. वेब ॲप बनवणारी मंडळी इथे सर्व्हरची सेटिंग उलटीपालटी करत बसतात. सर्व्हरला हात लावण्याआधी कोऱ्या प्रोफाइलमध्ये एकदा बघा.

2. एकाहून जास्त एक्स्टेन्शनं असतील तर अर्धी-अर्धी करा

यूब्लॉक, नोस्क्रिप्ट, प्रायव्हसी बॅजर आणि अँटिव्हायरसने न विचारता घातलेलं आणखी एखादं, असा जमाव असतो. अर्धी बंद करा, पान उघडा, बघा, मग उरलेल्यांची पुन्हा अर्धी. आठ असली तरी तीन फेऱ्यांत चोर सापडतो. दोघं मिळून अडवत असतील तर मात्र एकाला सूट देऊनही साइट चालत नाही आणि सूट चुकली असं वाटतं. म्हणून एका वेळी एकच चालू ठेवून प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा घ्या.

फायरफॉक्सची स्वतःची ट्रॅकिंग-रोधक ढालही विसरू नका. पत्त्याच्या डाव्या बाजूला ढालीचं चिन्ह असतं; ते एक्स्टेन्शनांच्या यादीत नसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

3. लॉगर उघडा, मग बटण दाबा

क्रम असाच ठेवा. यूब्लॉकच्या चिन्हावर टिचकी मारली की खालच्या ओळीत लॉगरचं चिन्ह दिसतं. तो आधी उघडा, त्यात तुमचा टॅब निवडा, आणि मगच मूळ पानावर जाऊन अडणारी कृती करा. लॉगर उघडण्याआधी घडलेल्या सगळ्याच गोष्टी त्यात सापडतील याचा भरवसा नसतो.

लॉगरच्या गाळणीत तयार पर्याय आहेत, त्यातून फक्त अडवलेल्या ओळी निवडा. तांबड्या ओळी म्हणजे अडवलेल्या. तुमच्या टॅबखाली काहीच सापडत नसेल तर वरच्या निवडीत ‘टॅबलेस’ घ्या. सर्व्हिस वर्करने (साइटने पार्श्वभूमीत चालू ठेवलेल्या स्क्रिप्टने) पाठवलेल्या रिक्वेस्ट कोणत्याच टॅबच्या नावावर नसतात, त्या तिथे दिसतात. ईमेल, चॅट, ऑफिसचे डॅशबोर्ड अशी ॲपं सर्व्हिस वर्कर सर्रास वापरतात.

4. ओळ वाचायला शिका

सगळं कसब या पायरीत आहे. लॉगरमध्ये तीसचाळीस तांबड्या ओळी दिसतील आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतील. गूगल ॲनालिटिक्स, डबलक्लिक, फेसबुकचा पिक्सेल, हॉटजार, क्लॅरिटी ही नावं सहसा सोडून द्या. ती अडल्याने फॉर्म क्वचितच थांबतो.

आता कागदावरची वेळ काढा. बटण दाबलं त्या सेकंदाच्या आसपास काय अडलं? रिक्वेस्टचा प्रकार बघा: एक्सएचआर (पानाने मागाहून केलेली मागणी), स्क्रिप्ट, फ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) किंवा वेबसॉकेट असेल तर संशय पक्का, इमेज किंवा पिंग असेल तर बहुधा नाही. मग डोमेन बघा. नावात एपीआय, ऑथ, लॉगिन, सीडीएन, स्टॅटिक, पे असं काही असलं तर तीच ओळ आधी तपासा.

ओळीवर टिचकी मारा. एक छोटी खिडकी उघडते, त्यात नियम, तो कोणत्या यादीतून आला, मूळ पान कोणतं, आपली साइट की परकी, प्रकार आणि पूर्ण पत्ता, एवढं सगळं मिळतं. इथे एकच प्रश्न विचारायचा: हा नियम यादीतला आहे की माझा?

तुमचा असेल तर तो चार तुकड्यांत दिसतो: कुठून, कुठे, कोणत्या प्रकारचा, काय करायचं. यूब्लॉक मध्यम पातळीवर चालवणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच निघतं. त्या पातळीवर परक्या साइटची प्रत्येक स्क्रिप्ट आणि प्रत्येक फ्रेम आधी अडते, आणि ओटीपीची चौकट ही बहुधा दुसऱ्या डोमेनवरून आलेली फ्रेमच असते.

यादीतला असेल तर आधी यादी ताजी करा: सेटिंग्जमधल्या फिल्टर लिस्ट्समध्ये साठा रिकामा करण्याचं बटण, मग ‘अपडेट नाऊ’. यूब्लॉकच्या स्वतःच्या याद्यांत ‘अनब्रेक’ आणि ‘क्विक फिक्सेस’ अशा दोन याद्या मोडलेल्या साइट दुरुस्त करण्यासाठीच आहेत. त्या बंद करून ठेवल्या असतील तर चालू करा. जुनी दुखणी बऱ्याचदा इथेच मिटतात.

अडलेली रिक्वेस्ट साइटची स्वतःचीच असू शकते, हेही ध्यानात ठेवा. पार्सल कुठपर्यंत आलं हे दाखवणाऱ्या पानाचा पत्ता ‘ट्रॅक’ शब्द घेऊन येतो आणि ईझीप्रायव्हसीसारख्या यादीतल्या सर्वसाधारण नियमात सापडतो. तुम्हीच असं ॲप बनवत असाल तर फोल्डरांना ‘ॲड्स’, ‘बॅनर’, ‘ॲनालिटिक्स’, ‘पिक्सेल’ अशी नावं देऊ नका. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींचा विभागही अशा नावापायी कोरा दिसू शकतो.

5. लहानात लहान फट पाडा

आधी यूब्लॉकच्या सेटिंग्जमध्ये ‘मी प्रगत वापरकर्ता आहे’ अशा अर्थाची खूण करा. मग चिन्हाखालच्या खिडकीत डोमेनांची तक्ता-पाटी उघडते. तिच्यात नियमांचे दोन रकाने आहेत: पहिला सगळ्या साइटसाठी, दुसरा फक्त समोरच्या साइटसाठी. नवख्यांची सगळ्यात महागडी चूक म्हणजे पहिल्या रकान्यात टिचकी मारणं. एका बँकेसाठी दिलेली सूट मग सगळ्या इंटरनेटला मिळते. नेहमी दुसराच रकाना.

रंगही समजून घ्या. हिरवा म्हणजे सरसकट परवानगी, याद्यांचे नियमही बाजूला. राखाडी म्हणजे नूप: तुमचा अडवण्याचा नियम तेवढा मागे घेतला जातो आणि याद्या आपलं काम करत राहतात. तुमच्याच नियमाने अडलं असेल तर राखाडी वापरा. हिरव्याची गरज फार क्वचित पडते.

हाताने लिहायचं असेल तर ‘माय रूल्स’मध्ये नियम असा दिसतो. वाचण्याच्या सोयीसाठी इथे देवनागरीत दिलाय, टाकताना इंग्रजी अक्षरांतच टाका:

मूळ-साइट बाहेरची-साइट * नूप

बाहेरच्या साइटचं नाव दिलं की प्रकाराच्या जागी ताराच हवा. आणि ‘परकी फ्रेम’ असा प्रकार लिहायचा असेल तर नावाच्या जागी तारा हवा. दोन्ही एकाच ओळीत दिले तर ती ओळ मानलीच जात नाही, आणि माणूस तासभर विचार करत बसतो.

नियम यादीतला असेल तर ‘माय फिल्टर्स’मध्ये अपवाद लिहा:

@@||बाहेरची-साइट^$डोमेन=मूळ-साइट

डॉलरनंतरचा भाग गाळू नका. तो गाळला की अपवाद सगळ्या साइटवर लागू होतो. वर उद्गारचिन्हाने सुरू होणारी एक ओळ लिहून त्यात तारीख आणि कारण टाका. यूब्लॉक ती ओळ टिप्पणी म्हणून सोडून देतो, आणि सहा महिन्यांनी हा अपवाद कशाला होता ते तुम्हाला कळतं.

तक्ता-पाटीतले बदल तात्पुरते असतात. सगळं चाललं की कुलपाचं चिन्ह दाबा, फसलं तर खोडरबराचं. कुलूप दाबायला विसरलात तर उद्या तेच दुखणं परत येईल.

6. काहीच अडलेलं नाही, तरी बटण गायब

लॉगर स्वच्छ आहे आणि पानावर ‘पुढे जा’ दिसतच नाही, अशी स्थिती असेल तर नियम नेटवर्कचा नसून दिसण्याचा आहे. याद्यांतले असे नियम पानावरचे तुकडे लपवतात. यूब्लॉकच्या खिडकीत डोळ्याचं चिन्ह आहे, ते दाबून पान परत उघडा. बटण आलं तर चोर सापडला.

दुसरा नमुना: पान दिसतं पण खाली सरकत नाही. कुकीची संमती मागणारी पाटी यादीने लपवली, पण तिच्यासाठी साइटने गोठवलेलं पान तसंच राहिलं. त्रासदायक पाट्या लपवणाऱ्या जादा याद्या चालू असतील तर हे घडतं. त्या साइटवर तेच डोळ्याचं चिन्ह दाबून पाटीला एकदा उत्तर देऊन टाका.

7. नोस्क्रिप्टवर: ‘ट्रस्टेड’ आणि ‘कस्टम’ यांतला फरक

नोस्क्रिप्ट पान अडवतो तेव्हा त्याच्या यादीत दहाबारा डोमेनं दिसतात. सगळ्यांना एकदम तात्पुरता विश्वास देणारं बटण मोहात पाडतं. त्याऐवजी आधी साइटचं स्वतःचं डोमेन, मग तिचं सीडीएन (तिच्या फाइली पुरवणारं वेगळं डोमेन), मग कॅप्चा असेल तर त्याचं, असं एकेक उघडा. रीकॅप्चाला गूगलचं मुख्य डोमेन आणि जीस्टॅटिक अशी दोन्ही लागतात; एकच दिलं तर ‘मी यंत्रमानव नाही’ची चौकट येतच नाही.

‘ट्रस्टेड’ दिलं की त्या डोमेनला जवळपास सगळंच एकदम मिळतं; ‘कस्टम’ निवडलं की स्क्रिप्ट, फ्रेम, फेच, फॉन्ट अशा वेगवेगळ्या चौकटी मिळतात. ओटीपीच्या डोमेनला स्क्रिप्ट, फ्रेम आणि फेच दिलं की सहसा काम होतं.

एका साइटवरून दुसरीवर मोठा फॉर्म पाठवला जातो, जसं ऑफिसचं एकत्रित लॉगिन किंवा पेमेंटहून परतताना, तिथे नोस्क्रिप्ट ‘एक्सएसएस हल्ल्याची शक्यता’ (एका साइटवरून दुसरीत स्क्रिप्ट घुसवली जात असावी) असा इशारा देतो. कुठून कुठे जातंय ती दोन्ही नावं नीट वाचा. दोन्ही तुमच्या व्यवहारातली असतील तर तेवढीच एक रिक्वेस्ट जाऊ द्या. ‘नेहमी’चा पर्याय रोजच्या लॉगिनसाठीच ठेवा.

नोस्क्रिप्टच्या ‘एबीई’ नियमांत बदल करा असा सल्ला कुणी दिला तर तो जुना आहे. फायरफॉक्स क्वांटमसाठी 2017 मध्ये नोस्क्रिप्ट नव्याने लिहिला गेला तेव्हा एबीई गेलं.

8. डिजिटल सही आणि स्वतःच्या संगणकाशी बोलणाऱ्या साइट

सुरुवातीचं उदाहरण इथे सुटतं. जीएसटीचं पोर्टल सहीसाठी तुमच्याच संगणकावर चालणाऱ्या एमसाइनरशी 127.0.0.1 या पत्त्यावर, 1585 क्रमांकाच्या पोर्टवर बोलतं. बाहेरची साइट आतल्या यंत्राशी बोलते आहे, हे सुरक्षेच्या नजरेतून संशयास्पदच. राउटरवरचे काही हल्ले याच वाटेने होतात. म्हणून यूब्लॉकमध्ये ‘बाहेरच्यांना लॅनमध्ये (आतल्या नेटवर्कमध्ये) घुसू न देणारी’ यादी आहे आणि नोस्क्रिप्टमध्ये ‘लॅन’ नावाची वेगळी चौकट आहे. अडवणं बरोबरच आहे, फक्त या एका साइटला वाट हवी.

तपासणी अशी करा. नव्या टॅबमध्ये एचटीटीपीएस लावून 127.0.0.1:1585 थेट उघडा. प्रमाणपत्राचा इशारा येईल. एमसाइनर तुम्हीच चालू केला असेल तर तो स्वीकारा. पान उघडलंच नाही तर एमसाइनर बंद आहे, एक्स्टेन्शनकडे बघूच नका. थेट उघडतं पण पोर्टलवरून चालत नाही, तर मधे कुणीतरी अडवतंय. मग यूब्लॉकमध्ये:

@@||127.0.0.1:1585^$डोमेन=जीएसटी.गव्ह.इन

नोस्क्रिप्टमध्ये जीएसटीच्या डोमेनला ‘कस्टम’खाली लॅनची चौकट द्या. क्रोमच्या 142 व्या आवृत्तीपासून ब्राउझर स्वतःच स्थानिक नेटवर्कची परवानगी विचारतो. घाईत ‘ब्लॉक’ दाबलं गेलं असेल तर पत्त्याशेजारच्या चिन्हातून साइटच्या परवानग्यांत जाऊन बदला. हे काम कुठलंही एक्स्टेन्शन बंद करून होणार नाही.

9. पैसे भरताना नियमांना हात लावू नका

नोस्क्रिप्टमध्ये परवानगी बदलली की पान आपोआप परत उघडतं. पेमेंटच्या मधल्या पानावर असं झालं तर व्यवहार तुटतो, कधी पैसे कापले जातात आणि दुकानदाराला कळतच नाही. म्हणून सूट आधी तयार ठेवा: दहावीस रुपयांच्या रिचार्जवर लॉगर उघडा ठेवून एकदा पूर्ण वाट चालून बघा, लागणारी डोमेनं टिपा, नियम पक्के करा, मग मोठी रक्कम.

मधेच अडलात तर परत भरण्याआधी बँकेचं खातं तपासा. पैसे कापले पण दुकानदाराकडे नोंद झाली नाही, अशा ऑनलाइन कार्ड व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, आणि त्यापुढे दिवसाला ₹100 भरपाई. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा.

10. क्रोमवर असाल तर

क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं 2025 मध्ये बंद केली, त्यात पूर्ण यूब्लॉक ओरिजिनही गेलं. त्याजागी यूब्लॉक ओरिजिन लाइट मिळतं. त्यात वरचं डोमेनांचं तक्ता-पाटीचं साधन नाही, म्हणून शोध एफ12च्या नेटवर्क भागातच घ्यायचा. साइट अडली तर तिच्यासाठी पातळी ‘कम्प्लीट’वरून ‘ऑप्टिमल’ किंवा ‘बेसिक’वर आणून बघा; ‘नो फिल्टरिंग’ सगळ्यात शेवटी. सहीची आणि बँकेची कामं नेहमीची असतील तर त्यासाठी फायरफॉक्स वेगळा ठेवणं जास्त बरं.

11. पक्कं करा आणि कळवा

ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा आणि तीच कृती पुन्हा करा. चाललं तर ‘ट्रस्टेड साइट्स’च्या टॅबमध्ये जा आणि पूर्वी पॉवर बटण दाबून राहिलेल्या नोंदी काढा. तिथे बँकेचं नाव सापडलं तर आजच काढा. नवा बॅकअप घ्या.

चूक यादीतल्या नियमाची असेल तर यूब्लॉकच्या खिडकीतल्या संवादाच्या फुग्यासारख्या चिन्हावरून ती कळवता येते. कळवण्याआधी फक्त मूळ याद्या चालू असलेल्या कोऱ्या प्रोफाइलवर तोच दोष दिसतो का ते बघा, आणि आपलं नाव, पॅन किंवा जीएसटी क्रमांक दिसणारा स्क्रीनशॉट जोडू नका. दुरुस्ती यादीत आली की आपला अपवाद काढून टाका. तारीख घातलेली टिप्पणी तेव्हा कामी येते.